कॅमेऱ्याला आपला रंग कसा दिसतो

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



मोबाइलवर फोटो कसे काढावेत यावर आपण मागं बोललो होतो. त्यानंतर रेडिओवर जे फोन आले, ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा होती. कुणी म्हणालं, ‘घरातल्या सगळ्यांचा फोटो छान येतो, माझंच तोंड काळं येतं.’ कुणी लिहिलं, ‘लग्नाच्या अल्बममध्ये मी मलाच ओळखू येत नाही, पिठात लोळवल्यासारखी दिसते.’ दोन तक्रारी उलट्या वाटतात, पण मूळ एकच आहे. तालुक्याच्या गावी माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. फोटोला बसलेली बाई पहिलं वाक्य काय बोलते, ठाऊक आहे? ‘माझा फोटो काही चांगला येत नाही हं.’ माफी मागावी तशी बोलते. म्हणून आज कॅमेऱ्याचाच इतिहास सांगते. माफी कुणी कुणाची मागायची ते ऐकून झाल्यावर तुम्हीच ठरवा.

सुरुवात काचेपासून करू. १८५१ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानं काचेला कलोडियन नावाचं चिकट द्रावण लावून त्यावर फोटो घ्यायची रीत जाहीर केली आणि पुढची तीसेक वर्षं जगभर तीच चालली. या काचेची एक खोड होती. तिला निळा उजेड लगेच दिसायचा, हिरवा फारसा नाही आणि तांबडा जवळजवळ नाहीच. त्यामुळं निळं आभाळ फोटोत पांढरंफटक यायचं आणि कपाळावरचं लालभडक कुंकू काळं. जुन्या स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लागलेला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो दिवा चालायचा तो याचसाठी. आतल्या कागदाला तांबडं दिसायचंच नाही.

आता आपली कातडी बघा. गव्हाळ असो नाहीतर काळीसावळी, तिच्यात तांबूस, तपकिरी छटा असते. ती तांबडा उजेड जास्त परत पाठवते, निळा कमी. आणि काचेला नेमका तांबडाच दिसत नाही. म्हणजे बाई असेल त्याहून काळी फोटोत उमटायची. गोऱ्या साहेबाची मडमही यातून सुटली नाही. तिच्या गालावरचे फिकट वांग फोटोत काळे ठिपके होऊन यायचे. १८७३ साली हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला कळलं, की लेपात ठरावीक रंग मिसळले तर काचेला हिरवाही दिसू लागतो. तांबड्यासकट सगळे रंग बघणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म मात्र सर्रास वापरात यायला १९२० नंतरचा काळ उजाडला. घरच्या जुन्या ट्रंकेत पणजीचा फोटो असेल आणि ती त्यात काळीकुट्ट दिसत असेल, तर ती तशीच होती असं धरून चालू नका. काचेनं तिचा अर्धाच रंग पाहिलेला असतो.

मुळात त्या काळी बाईनं कॅमेऱ्यासमोर बसायचं हेच अवघड. हैदराबादला लाला दीनदयाळ, ज्यांना निजामानं राजा ही पदवी दिली, त्यांनी १८९२ साली खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तिथं फोटो काढायला मिसेस केनी-लेव्हिक नावाची इंग्रज बाई होती आणि पुरुषांना आत मज्जाव होता. कॅमेऱ्यामागं आपल्याकडची बाई यायला आणखी काळ गेला. होमाई व्यारावाला १९१३ साली नवसारीला जन्मल्या, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. तिथल्या सोबतिणी, मुंबईतलं रोजचं जगणं हेच त्यांचे सुरुवातीचे विषय. फोटो छापूनही यायचे, पण खाली नाव असायचं नवऱ्याचं, माणेकशॉ यांचं. पुढं देशाची पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव झालं आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. हे थोडं विषयाबाहेरचं झालं, पण बोटं त्यांची आणि नाव दुसऱ्याचं, ही गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढं जाववत नाही.

सगळा दोष काचेवर ढकलून मोकळं होता येणार नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोवर हातानं रंग भरायची पद्धत आपल्याकडं फार चालली. बारीक कुंचल्यानं ओठ लाल करायचे, साडीचा काठ हिरवा करायचा, दागिन्यांना सोनेरी पाणी द्यायचं. हे काम देखणंच असायचं, मला आजही आवडतं. पण त्याच कुंचल्यानं चेहरा एक-दोन छटा उजळही केला जायचा, आणि हे गिऱ्हाईक सांगून करून घ्यायचं. स्थळाला पाठवायचा फोटो असला की हमखास. सावळ्या विठोबाला डोळे भरून बघणारी माणसं आपण, मुलीचा फोटो मात्र उजळ लागतो.

पुढं रंगीत फिल्म आली. कोडॅक कंपनीनं १९३५ साली कोडाक्रोम बाजारात आणली. तिला तांबडा, हिरवा, निळा असे तिन्ही उजेड दिसत होते, मग अडचण संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण रंगीत फिल्ममध्ये कोणता रंग किती तोलायचा हे माणसं ठरवतात, आणि तोलायला समोर काहीतरी नमुना लागतो. अमेरिकेत १९५४ पर्यंत कोडॅकची रंगीत फिल्म धुऊन देण्याचं काम कोडॅकच करत असे. सरकारनं ही मक्तेदारी मोडली आणि हे काम गावोगावच्या लहान लॅबकडं गेलं. त्यांची यंत्रं नीट लागावीत म्हणून कंपनी एक नमुन्याचा फोटो पाठवू लागली. त्यात भडक कपडे घातलेली एक गोरी तरुणी असे. पहिली मुलगी कोडॅकमध्येच नोकरीला होती, तिचं नाव शर्ली. पुढं मुली बदलल्या, नाव तेच राहिलं, ‘शर्ली कार्ड’. लॅबवाला शर्लीचा चेहरा बरोबर दिसेपर्यंत यंत्राच्या कळा फिरवायचा. शर्ली बरोबर आली की यंत्र बरोबर. त्यानंतर त्या यंत्रातून जो चेहरा जाईल, तो शर्लीच्या मापानं कापलेला झंपर घालूनच बाहेर यायचा.

शाळेच्या वर्गाच्या फोटोत हे उघडं पडायचं. गोरी आणि काळी मुलं शेजारीशेजारी बसली, की गोऱ्या मुलाच्या शर्टाची गुंडीसुद्धा दिसायची आणि काळ्या मुलाचे फक्त दात आणि डोळे. आयांनी तक्रारी केल्या, पण त्या तक्रारींनी फिल्म बदलली नाही. कॅनडातल्या लोर्ना रॉथ या प्राध्यापिकेनं या सगळ्याचा माग काढला आणि २००९ साली त्यावर लिहिलं. कोडॅकमध्ये वरच्या जागेवर काम केलेल्या माणसानं तिला जे सांगितलं ते ऐकून हसावं की रडावं कळत नाही. जोराची तक्रार आली ती चॉकलेट बनवणाऱ्यांची आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांची. जाहिरातीत दुधाचं चॉकलेट आणि कडू चॉकलेट वेगळं दिसत नाही, शिसवीचं टेबल आणि फिकट लाकडाचं टेबल सारखंच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मग कंपनीनं तपकिरी रंगाच्या छटा उमटवणारी फिल्म करायला घेतली. माणसाच्या तपकिरी चेहऱ्याला त्या सुधारणेचा फायदा मिळाला तो असा, चॉकलेटच्या पाठोपाठ. एकाच कार्डावर गोरी, काळी आणि आशियाई अशा तिघी जणी दिसायला तर १९९० नंतरची वर्षं उजाडली.

आपल्याकडं रंगीत फोटो गावागावांत पोचला तो याच यंत्रांतून. ते यंत्र आपोआप चालवलं तर आपला चेहरा कधी जांभळट, कधी मातकट यायचा. चांगला लॅबवाला असेल तर प्रत्येक फोटोला हातानं कळ फिरवून दुरुस्ती करायचा. त्याच्या डोळ्यांत शर्लीपेक्षा वेगळे चेहरे भरलेले असत. अशा कितीतरी हातांनी आपले लग्नाचे अल्बम सावरले आहेत.

काळी कातडी कॅमेऱ्याला दिसतच नव्हती, असं मात्र नाही. जिथं गरज वाटली तिथं ती नीट दिसत होती. याची गोष्ट कॅरोलिन हंटर या बाईची आहे आणि ती मला या सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या राज्यात काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात फिरायला पास लागायचा. तो दाखवता आला नाही की तुरुंग. बायकांवरही हा पास लादायचं ठरलं तेव्हा ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे २० हजार बायका प्रिटोरियाच्या सरकारी कचेरीवर चालून गेल्या. पुढं लिलियन एन्गोयी, हेलन जोसेफ, सोफिया विल्यम्स आणि भारतीय घरातली रहिमा मूसा अशा चौघी होत्या. तो दिवस आज तिथं महिला दिन म्हणून पाळतात. तरी पास आलेच, आणि पासावर फोटो आला. हा फोटो झटपट काढून हातात देणारा कॅमेरा होता अमेरिकेतल्या पोलरॉइड कंपनीचा. काळा चेहरा नीट उमटावा म्हणून फ्लॅशचा उजेड वाढवायचं बटण त्यात होतं. शाळेच्या फोटोत जे जमत नव्हतं, ते पासाच्या फोटोत जमत होतं.

कॅरोलिन हंटर त्याच कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होती, स्वतः काळी. १९७० साली ती आणि तिथंच फोटोग्राफर असलेला केन विल्यम्स जेवायला निघाले असताना त्यांना फलकावर ओळखपत्राचा एक नमुना लावलेला दिसला. त्यावर दक्षिण आफ्रिकेच्या खाण खात्याचं नाव होतं. आपली कंपनी कुणाला माल विकते हे त्यांना असं कळलं. दोघांनी पत्रकं वाटली, कंपनीच्या दारात सभा घेतल्या, माल घेऊ नका म्हणून लोकांना सांगितलं. हंटरची नोकरी गेली. पण त्यांनी सात वर्षं लावून धरलं आणि १९७७ साली पोलरॉइडला दक्षिण आफ्रिकेतला धंदा बंद करावा लागला. पगारावर घर चालवणाऱ्या बाईनं स्वतःच्या मालकाला कॅमेऱ्याचा जाब विचारला, ही गोष्ट फोटोग्राफीच्या वर्गात शिकवायला हवी. मी शिकले तेव्हा ती कुणी सांगितली नाही.

आता येऊ डिजिटलकडं, म्हणजे आपल्या हातातल्या मोबाइलकडं.

फिल्मच्या जागी उजेड मोजणारी चिप बसवायची, ही कल्पना ज्यातून आली ती सीसीडी नावाची चिप १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सुचवली. पुढं २००९ साली त्यांना त्याचं नोबेल मिळालं. तिच्यापासून कॅमेरा केला कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं, १९७५ च्या डिसेंबरात. तो कॅमेरा म्हणजे एक ओबडधोबड पेटीच होती. वजन साडेतीन किलोच्या वर, भिंग सिनेमाच्या लहान कॅमेऱ्याचं, बाजूला गाण्याच्या कॅसेटसारखी कॅसेट. फोटोत ठिपके फक्त दहा हजार आणि तेवढेही कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. फोटो बघायचा टीव्हीवर.

पहिला फोटो कुणाचा? शेजारच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका मुलीचा. सॅसननं विचारलं, ती उभी राहिली, फोटो निघाला. टीव्हीवर तिचे काळेभोर केस दिसले, मागची पांढरी भिंत दिसली आणि चेहऱ्याच्या जागी नुसत्या मुंग्या. तिनं बघितलं, ‘अजून काम करायला हवं’ अशा अर्थाचं काहीतरी बोलली आणि आपल्या कामाला निघून गेली. जगातल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याची पहिली परीक्षा एका बाईनं घेतली आणि नापास करून गेली, हे मला भारी आवडतं.

चेहराच का बिघडला? यंत्रात प्रत्येक ठिपक्याचा उजेड एक आणि शून्य अशा खुणांनी लिहिलेला असतो. वायरी उलट्या जोडल्यामुळं त्या खुणा उलट्या वाचल्या जात होत्या. ‘कडक’ हा शब्द उलटा वाचला तरी कडकच राहतो, पण ‘सरळ’ उलटा वाचला की काहीतरी भलतंच होतं. तसंच पार काळा ठिपका म्हणजे सगळी शून्यं, पार पांढरा म्हणजे सगळे एक, ते उलटे वाचूनही तेच राहिले. मधल्या छटांचा मात्र खिचडा झाला. आणि माणसाचा चेहरा असतो तो नेमका मधल्या छटांत. वायरी बदलल्या, चेहरा परत आला. यात कुणाचा भेदभाव नव्हता, साधी जोडणीची चूक होती. पण एवढं लक्षात ठेवा, चेहरा मधल्या छटांत राहतो आणि यंत्र पहिल्यांदा तिथंच चुकतं. आपल्या पुढच्या सगळ्या युक्त्या याच्यावर आहेत.

(त्याच १९७५ साली आपल्या देशात ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. कॅमेऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, सनावळी जुळवताना लक्षात आलं म्हणून सांगितलं.)

चिप कशी चालते? पावसात अंगणभर ओळीनं वाट्या मांडून ठेवा. ज्या वाटीत जेवढं पाणी, तेवढा तिथं पाऊस. चिपवर अशा उजेडाच्या लाखो वाट्या असतात. पण वाटीला पाण्याचं माप कळतं, पाण्याचा रंग कळत नाही. कोडॅकमधल्याच ब्राइस बायर यानं यावर तोड काढली आणि १९७६ साली त्याचं पेटंट मिळालं. प्रत्येक वाटीवर बारीक रंगीत झाकण. चारांतली दोन हिरवी, एक तांबडं, एक निळं. हिरवी दोन, कारण आपल्या डोळ्यालाही हिरवट उजेडातले बारकावे जास्त कळतात. राहिलेला रंग शेजारच्या वाट्या बघून हिशेबानं भरायचा. तुमच्या मोबाइलमध्ये आजही बहुधा हेच आहे. म्हणजे फोटोतला तुमचा रंग हा काही अंशी मोजलेला आणि बराचसा हिशेबानं भरलेला असतो. हिशेब लिहिणारा कुणीतरी माणूस असतो, आणि त्याच्यासमोरही नमुन्याचे चेहरे असतात.

पहिला हिशेब उजेडाचा. कॅमेरा समोरच्या सगळ्या दृश्याची सरासरी काढतो आणि ती मध्यम राखाडी रंगाला आणून बसवतो, जुने फोटोग्राफर त्याला अठरा टक्के राखाडी म्हणतात. आता एखादी सावळी बाई चुन्यानं रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीपुढं बसली. कॅमेऱ्याला वाटतं, फारच उजेड झाला. तो सगळंच मंद करतो. भिंत राखाडी होते आणि बाई काळी. तीच बाई अंधाऱ्या मांडवात काळ्या पडद्यापुढं बसली, की कॅमेरा सगळं उजळ करतो आणि चेहरा पांढराफटक. बघा, दोन्ही तक्रारींचं उत्तर इथंच आलं. बाई तीच, बदलली ती भिंत.

उपाय फुकटचा आहे. मोबाइलवर फोटो काढताना पडद्यावरच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये तिथं एक लहान सूर्याचं चिन्ह येतं. ते वर सरकवलं की उजेड वाढतो, खाली सरकवलं की कमी होतो. भिंत थोडी जळाल्यासारखी पांढरी झाली तर होऊ द्या. फोटो भिंतीचा काढायचा नाही. सगळ्या घराचा फोटो असेल, कुणी गोरं कुणी काळं, तर सावळ्या माणसाला खिडकीच्या किंवा दाराच्या अंगाला बसवा आणि गोऱ्याला आतल्या बाजूला. आपण नेमकं उलट करतो, गोरी सून दारात आणि आत्याबाई मागच्या कोपऱ्यात.

उजेड कसला हवा, हे शिकावं सुब्रत मित्रांकडून. सत्यजित राय यांच्या सिनेमांचे ते छायाचित्रणकार. ‘अपराजितो’ १९५६ चा. त्यात काशीतल्या एका घराचं अंगण स्टुडिओत उभं केलं होतं. खऱ्या अंगणात वरून आभाळाचा मऊ उजेड उतरतो, त्याला टोकदार सावल्या नसतात. दिव्यांनी तो कसा आणायचा? मित्रांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणून बांधलं, दिवे खालून त्या कापडावर सोडले आणि कापडावरून परतलेला उजेड चेहऱ्यांवर पडू दिला. आपल्याला हे घरी करता येतं. धुतलेली पांढरी चादर किंवा धोतर घ्या, दारातून उजेड येतोय त्याच्या समोरच्या बाजूला कुणाला तरी धरून उभं करा. चेहऱ्याच्या अंधाऱ्या अर्ध्या भागात उजेड परत येतो. फ्लॅश मात्र बंद. तो कपाळावर पांढरा डाग पाडतो आणि बाकीचं सपाट करतो. उन्हात उभं राहण्यापेक्षा ओसरीच्या कडेला, सावलीत, तोंड अंगणाकडं करून बसावं. सकाळी नऊच्या आधी नाहीतर दुपारी चारनंतर.

आणि पावडर पुसा. हे ऐकून माझ्या कित्येक गिऱ्हाइकांना धक्का बसतो. गोरा चेहरा उजेड सगळीकडून सारखा परत पाठवतो, सावळा चेहरा उजळतो तो त्याच्यावरच्या चकाकीनं. पावडर ही चकाकी मारते आणि चेहरा राखेसारखा दिसतो. अमेरिकेत ‘इन्सिक्युअर’ नावाची काळ्या मैत्रिणींची टीव्ही मालिका २०१६ साली सुरू झाली. तिचं छायाचित्रण करणारी आव्हा बर्कोफ्स्की हेच सांगते, की दिवे वाढवू नका, कातडीला ओलावा द्या आणि परतलेला उजेड वापरा. आपल्याकडं तेच काम दोन थेंब खोबरेल तेल करतं. तळहातावर चोळून गालाच्या हाडांवर हलकं लावायचं, बस्स.

यंत्रांचा हिशेब अजून सुधारतो आहे, पण कुणीतरी बोट दाखवल्यावरच. अमेरिकेतल्या एमआयटीत शिकणारी जॉय बुओलामविनी ही काळी मुलगी चेहरा ओळखणाऱ्या संगणकापुढं बसली आणि त्याला तिचा चेहरा सापडेना. तिनं पांढरा मुखवटा घातला, लगेच सापडला. मग २०१८ साली तिनं आणि टिम्निट गेब्रू यांनी तीन कंपन्यांची यंत्रं तपासली. चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे सांगताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्का, आणि काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. यंत्राला शिकवताना दाखवलेले चेहरे बहुतेक गोऱ्यांचे होते. नवी शर्लीच म्हणा. हे छापून आल्यावर कंपन्यांनी सुधारणा केल्या. २०२१ साली गुगलनं वेगवेगळ्या वर्णांच्या फोटोग्राफरांना सोबत घेऊन सावळ्या कातडीसाठी फोनच्या कॅमेऱ्याचा हिशेब बदलला. त्याच्या आदल्या वर्षी, २०२० मध्ये, आपल्याकडं ‘फेअर अँड लव्हली’नं नावातला ‘फेअर’ काढला आणि लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानं रंगावरून स्थळं निवडायची सोय काढून टाकली.

पण मोबाइलमधली ‘ब्युटी’ काही गेलेली नाही. काही फोनमध्ये ती सेल्फीच्या कॅमेऱ्याला आधीपासूनच लावलेली असते. ती सुरकुत्या पुसते, रंग उजळते, नाक बारीक करते, आणि विचारत नाही. गेल्या वर्षी बारावीची एक मुलगी फॉर्मसाठी फोटो काढायला आली. वडील म्हणाले, ‘जरा उजळ करा.’ मी स्क्रीनवर उजळ करून दाखवलं. मुलगी बघत राहिली आणि म्हणाली, ‘काकू, परीक्षेला ही बसणार का मी?’ वडील हसले. फोटो तिच्या रंगाचाच छापला.

हा नुसता दिसण्याचा प्रश्न राहिलेला नाही, म्हणून शेवटी कामाचं सांगते. जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा पोषण आहार घेताना आईचा चेहरा फोनला दाखवावा लागतो आणि तो आधारच्या नोंदीशी जुळावा लागतो. रोजगार हमीच्या कामावरही हजेरीला फोटो आला. चेहरा जुळत नाही म्हणून कुणी दोनदा परत गेली, असं कानावर येतं. कारण कधी नेटवर्क, कधी दहा वर्षांपूर्वीचा आधारवरचा फोटो, कधी अंगणवाडीची अंधारी खोली. पहिली दोन आपल्या हातात नाहीत, तिसरं आहे. सेविकाताईंनी फोन घेऊन दाराकडं पाठ करून उभं राहावं आणि आईला दाराकडं तोंड करून बसवावं. उजेड आईच्या चेहऱ्यावर हवा, पाठीमागं नको. डोक्यावरचा पदर कपाळापासून दोन बोटं मागं घ्यावा, त्याची सावली डोळ्यांवर येते. फोनचं पुढचं भिंग साडीच्या मऊ काठानं पुसून घ्यावं, त्यावर पिठाचे नाहीतर तेलाचे हात लागलेले असतात. ‘ब्युटी’ लावलेली असेल तर काढावी. तरीही जुळलं नाही तर आधार केंद्रात जाऊन नवा फोटो काढून घ्यावा, आणि तिथंही खुर्ची खिडकीसमोर सरकवून द्या म्हणून सांगावं.

पुढच्या वेळी जुने फाटलेले फोटो मोबाइलवर कसे उतरवून घ्यायचे ते बघू. घरातले असतील ते काढून ठेवा. नमस्कार.